बारा अक्षरांत न मावलेला पत्ता

भूमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, त्यातही डेटाबेस. माहितीचं टेबल कसं आखायचं, कुठल्या रकान्यात काय ठेवायचं, त्याला किती जागा द्यायची, कुठली किंमत दुसऱ्यांदा येऊ द्यायची नाही, हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पोरं जांभया देतात. कधीकधी मलाही येते. असल्या कोरड्या विषयावरून कुणाला संताप यावा, असं त्यात काही नाही, असं मीच कुणालाही सांगितलं असतं. पण तो आला, आणि अजून गेलेला नाही.

कॉलेजला अनुदानातून नवी लॅब मिळाली, तिथून सुरुवात झाली. त्याआधीचे आमचे कॉम्प्युटर म्हणजे निरनिराळ्या वर्षांची वरात होती. एकाचा पडदा पिवळा पडलेला, एकाचा कीबोर्ड अर्धा मेलेला. नवे मात्र सगळे एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले, एकाच टेम्पोतून आलेले. खोकी उतरवायला मुलींनी मुलांना पुढं जाऊ दिलं नाही. लॅब इतकी देखणी झाली की बाजाराच्या दिवशी गावातली माणसं येता-जाता खिडकीतून डोकावून जायची.

त्या लॅबमुळंच एका मंडळाच्या कारकून भरतीची ऑनलाइन परीक्षा आमच्याकडं आली. एरवी आमच्या पोरांना अशा परीक्षेला सोलापूर, लातूर, नाहीतर थेट पुणं गाठावं लागतं. केंद्र गावात आल्याचा आनंद मला उमेदवारांपेक्षा जास्त झाला होता. केंद्रावरच्या मशिनांची जबाबदारी माझ्याकडं होती. परीक्षेचं सॉफ्टवेअर आणि माणसं बाहेरच्या एका कंपनीची.

उमेदवारांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. लग्न होऊन तेरखेड्याला गेलेली. नवरा पुण्यात नोकरीला, ही सासूसासऱ्यांजवळ. सासरे फटाक्यांच्या कारखान्यात कामाला, आणि ही ओसरीवर पोरांच्या स्कॉलरशिपच्या शिकवण्या घ्यायची. लेक झोपली की अभ्यास. वर्गात असताना ती माझ्या चुका बिनदिक्कत दाखवायची, आणि मला ती त्यामुळंच लक्षात राहिली होती.

परीक्षेच्या सकाळी गेटवर जी तपासणी झाली ती मी पाहिली. कानातलं, गळ्यातलं, बांगड्या काढून घेतल्या. एका मुलीच्या ड्रेसची बटणं मोठी होती, तर ती कात्रीनं कापली. पोरगी ओढणी पिनेनं आवळून परीक्षेला बसली. मला ते खटकलं, पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी गप्प राहिले. पेपर सुटल्यावर माझी ही विद्यार्थिनी बाहेर आली आणि म्हणाली, "पेपर लई अवघड न्हवता मॅडम. गणितानं तेवढा वेळ खाल्ला."

निकाल लागला तेव्हा आमच्या केंद्रावरच्या सकाळच्या पाळीतल्या सगळ्यांच्या नावापुढं 'निकाल राखून ठेवला आहे' असा शेरा होता. पाठोपाठ प्राचार्यांच्या नावे पत्र आलं. एकाच संगणकावरून अनेक उमेदवारांच्या उत्तरपत्रिका सादर झाल्याचं तपासात आढळलं आहे, तरी खुलासा करावा. आणि आम्ही खुलासा काय करायचा याचा विचार करेपर्यंत एका वर्तमानपत्रात बातमीसुद्धा आली: 'भूम केंद्रावर सामूहिक कॉपी?' ते प्रश्नचिन्ह मी कितीतरी वेळ बघत बसले. लिहिणाऱ्याची सुटका आणि आमची बदनामी, दोन्ही कामं त्या एका चिन्हानं केली होती.

प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता.

"मॅडम, यावर सही करा. पर्यवेक्षणात काही त्रुटी राहिल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच लिहिलंय."

"पण सर, त्रुटी राहिलेली नाही."

"मी कुठं म्हणतो राहिली? शक्यता म्हणतो. असं लिहिलं की त्यांचं समाधान होतं, केंद्र आपल्याकडं राहतं."

"आणि परीक्षेला बसलेल्यांचं काय?"

"ते पुन्हा देतील परीक्षा. वय आहे त्यांचं."

मी सही केली नाही. सर वाईट माणूस नाहीत, अडीअडचणीला धावून जाणारे आहेत. पण वरच्या कचेरीचा कागद आला की त्यांच्या पाठीचा कणा आपोआप वाकतो, आणि ते त्याला व्यवहार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तेरखेड्याहून ती आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"मॅडम, मी कुणाची कॉपी केली तेवढं तरी सांगा म्हणावं त्यांला. माझ्या शेजारी बसलेला पोरगा माझ्यापेक्षा ढ होता."

मला हसू आलं, तिला नाही आलं. मग तिनं सांगितलं की बातमी गावात पोचली आणि शिकवणीची पोरं यायची थांबली. एका आईनं तोंडावर सांगितलं होतं, कॉपी करणाऱ्या बाईकडं लेकराला कशाला धाडू. सासरे जेवताना तिच्याकडं बघायचे बंद झाले, आणि ते तिला जास्त लागलं होतं.

"माझा नंबर न लागू दे. पण माझे मार्क मला पायजेत," ती म्हणाली. "माझे हायेत ते."

चौकशी धाराशिवला होती. केंद्राच्या वतीनं मी, आणि उमेदवारांतर्फे दोघांना बोलावलं होतं, त्यात ती. मी भूमहून एसटीत बसले, ती तेरखेड्याला चढली.

खोलीत मंडळाचे एक अधिकारी आणि त्या कंपनीचा प्रतिनिधी होते. साहेबांनी छापील कागद माझ्याकडं सरकवला.

"हे बघा. उमेदवाराचा नंबर, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात मशिनचा पत्ता. सगळीकडं तोच."

इथं थोडं सांगायला हवं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत नेटवर्कसाठी एक कार्ड असतं, आणि त्याच्यावर कारखान्यातच एक पत्ता कोरलेला असतो. त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून सहा जोड्या, दोन जोड्यांच्या मध्ये दोन टिंबं. पहिल्या जोड्या कुठल्या कंपनीनं बनवलं ते सांगतात. अमुकच एक मशिन कुठलं, ते शेवटच्या जोड्यांवरून कळतं. एका जागी मांडलेल्या दोन मशिनांचा पत्ता सारखा नसतो. म्हणूनच कोण कुठल्या मशिनवर बसला हे पाहायला परीक्षावाले तो साठवून ठेवतात. कल्पना चांगली आहे. मीही तेच शिकवते.

मी विचारलं, "साहेब, एकाच पाळीत, एकाच वेळी, इतके जण एका मशिनवर बसले कसे?"

"तेच तुम्ही सांगायचंय."

"एका खुर्चीवर?"

"मॅडम, थट्टा नको. कुणीतरी एकानं एका मशिनवरून सगळ्यांचे पेपर सोडवले, असा त्याचा अर्थ होतो. बाकीचे नुसते बसून होते."

"कॅमेऱ्यात सगळे पेपर सोडवताना दिसतात."

"कॅमेऱ्यात बोटं दिसतात. उत्तरं दिसत नाहीत."

मी कागद पुन्हा पाहिला, आणि या वेळी पत्ता नीट वाचला. तो दोन टिंबांवर संपत होता. टिंबांच्या पुढं काहीच नाही. मी जोड्या मोजल्या. सहा हव्यात, तिथं चारच होत्या. खालच्या ओळीत चार, त्याच्या खालीही चार.

"साहेब, हा पत्ता अर्धवट आहे. शेवटच्या दोन जोड्या गळाल्यात. मशिन ओळखू येतं ते त्यांच्यावरूनच. आमची मशिनं एकाच खेपेतली, त्यामुळं सुरुवात सगळ्यांची सारखीच असणार."

प्रतिनिधी म्हणाला, "सिस्टिमनं दिलाय तोच पत्ता आहे."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही मॅडम," साहेबांनी त्याला दुजोरा दिला.

"खोटं बोलत नाही. पण जेवढी जागा द्याल तेवढंच ठेवतो."

माझी विद्यार्थिनी बोलली, "म्हंजे साहेब, पाकिटावर नुसतं तेरखेडा लिवायचं, अन् सगळी पाकिटं एकाच घरात टाकायची, तसं झालं की हे."

"तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब म्हणाले.

ती उमेदवार होती. चौकशी तिचीच होती. मध्ये बोलायचं नाही तर तिनं बोलायचं कधी, हे मी विचारलं. आमचं म्हणणं नोंदवून घेतलं जाईल, असं सांगून आम्हाला बाहेर पाठवलं. नोंदवून घेण्यासाठी कुणाच्या हातात पेनसुद्धा नव्हतं.

परत आल्यावर मी कंपनीला ईमेल पाठवले, उत्तर नाही. मंडळाला अर्ज केला, पोच नाही. मग एका दुपारी तास चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा तरुण होता, आवाज दबलेला. कंपनीत तो त्याच सॉफ्टवेअरवर काम करत होता, माझा ईमेल त्याच्यापर्यंत फिरत फिरत आला होता. मी व्हरांड्यात गेले.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. तो रकाना बारा अक्षरांचा आहे. आधी टिंबं काढून पत्ता ठेवायचे, तेव्हा बाराच अक्षरं व्हायची. नंतरच्या बदलात तो टिंबांसकट यायला लागला. रकाना कुणी वाढवलाच नाही. पुढचं कापलं जातं."

"कापताना डेटाबेस तक्रार करत नाही?"

"तशी सेटिंग बंद आहे."

"बरं, पण तिथं युनिक लावलं असतं तरी कळलं असतं. एका पाळीत एक पत्ता एकदाच. दुसरं मशिन सुरू होतानाच अडलं असतं."

"लावलं होतं मॅडम. चाचणीच्या वेळी मशिनं अडायला लागली. लॉगिनच होईना. म्हणून ती अट काढून टाकली."

मी व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. अट लावलेली होती. ती आपलं काम करत होती. हे दोन पत्ते सारखे दिसतायत, काहीतरी चुकतंय, असं ती ओरडून सांगत होती, आणि त्यांनी काय केलं, तर तिचंच तोंड बंद केलं. मी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते की डेटाबेस अडला तर आधी का अडला ते विचारा. गेटवर बटणं कापायला कात्री घेऊन माणूस उभा करणाऱ्यांना एवढा प्रश्न विचारायला माणूस मिळाला नव्हता.

"असं फक्त आमच्याच केंद्रावर झालं?" मी विचारलं.

"नाही. एका मोठ्या शहरातल्या केंद्रावरही झालं. तिथलीही मशिनं एका खेपेतली."

"मग त्यांचा निकाल?"

"लागला. तिथं तांत्रिक अडचण असणार, असं धरलं."

"आणि आमच्याकडं?"

तो अवघडला. "मॅडम, तुमच्या भागात कॉपी चालते असं सगळेच म्हणतात ना."

मी त्याच्यावर रागावले नाही. फोन करायचं धाडस त्यानंच केलं होतं. आणि आमच्या भागात कॉपी होत नाही, असंही मी म्हणणार नाही. शाळेच्या खिडक्यांशी चिठ्ठ्या घेऊन लटकणारे मामा-काका मीही पाहिलेत आणि त्यांना हाकललंय. पण कॉपी जिथं होते तिथं ती दाखवा, पकडा, शिक्षा करा. एकाच चुकीला शहरात अडचण म्हणायचं आणि आमच्याकडं गुन्हा, हा कुठला न्याय? त्या रकान्यात आमचा पत्ता अर्धा ठेवला, आणि उरलेला अर्धा त्यांनी स्वतःच्या मनानं भरला. त्यात त्यांनी लिहिलं: मागासलेले, लबाड, त्यांचं हे नेहमीचंच.

मी पुन्हा धाराशिवला जायचं ठरवलं. त्याआधी लॅबमधल्या एकेका मशिनचा पूर्ण पत्ता पडद्यावर काढून घेतला. या कामाला ती तेरखेड्याहून मुद्दाम आली. ती मशिनमागून मशिन जोड्या वाचत गेली, मी लिहून घेत गेले. पहिल्या चार जोड्या दर वेळी त्याच यायच्या, आणि प्रत्येक मशिनला तिचा आवाज चढत गेला.

"आणि हेच्या जिवावर आमाला चोर म्हणलं," शेवटच्या मशिनजवळ ती म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच रडली. मी तिला पाणी दिलं. प्राचार्य दारातून डोकावले आणि गेले.

या वेळी मी लॅपटॉप बरोबर नेला. साहेब वेळ नाही म्हणत होते. मी म्हटलं, मी बसते. बसले. जेवणाची सुट्टी होऊन गेल्यावर त्यांनी आत घेतलं. मी त्यांच्यासमोर एक साधं टेबल तयार केलं, पत्त्याचा रकाना बारा अक्षरांचा. तक्रारीची सेटिंग कंपनीसारखीच बंद ठेवली आणि आमच्या मशिनांचे खरे पत्ते त्यात भरले. भरलेलं परत मागवलं. पडद्यावर एकाखाली एक तोच पत्ता उतरला, त्यांच्या कागदावरचा, दोन टिंबांवर संपणारा. मग रकाना सतरा अक्षरांचा केला, वर युनिकची अट लावली, आणि तेच पत्ते पुन्हा भरले. एकही अडला नाही. सगळे वेगवेगळे.

साहेब चष्मा काढून पडद्याजवळ आले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल, नाहीतर निदान अरेरे म्हणेल.

"हे मला लेखी द्या," ते म्हणाले.

मी लेखी दिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी वेबसाइटवर आमच्या केंद्राचे गुण आले. वर एकच ओळ होती, की तांत्रिक कारणास्तव राखून ठेवलेला निकाल जाहीर करण्यात येत आहे. कुणाचं तांत्रिक कारण, ते लिहिलं नव्हतं. ज्यांना चोर ठरवलं त्यांच्याविषयी एक अक्षर नव्हतं. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले, खुलासा छापा म्हटलं. तिथल्या गृहस्थांनी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, ती बातमी जुनी झाली. आणि आम्ही तर नुसता प्रश्न विचारला होता."

चहा न पिता मी उठले.

माझी विद्यार्थिनी निवड यादीत बसली नाही. थोडक्यात राहिली, गणितानंच. मी धास्तावूनच फोन केला. पण तिचा आवाज मोकळा होता. "राहिले तर राहिले मॅडम. कळलं तरी किती पडले ते. आता गणित बघते." सासऱ्यांनी तिचे मार्क कागदावर छापून आणायला लावले, आणि तो कागद घेऊन ते स्वतः शिकवणीच्या पोरांच्या घरी फिरले. मुलं परत आली. तोंडावर बोललेली ती आई मात्र लेकराला अजून दुसरीकडं पाठवते. तिचं मला नवल नाही. छापून आलेलं खरं असतं, असंच तिला आपण सगळ्यांनी शिकवलंय.

केंद्र आमच्याकडं राहिलं नाही. सही न केल्यामुळं गेलं, असं प्राचार्यांना अजून वाटतं. तसं असेलही. पुढच्या परीक्षेला आमची पोरं पुन्हा पहाटेच्या एसटीनं सोलापूरला गेली आणि इथली लॅब कुलूपबंद होती. स्टाफरूममध्ये काही जण मला ऐकू जाईल असं म्हणतात की बाईंनी जरा सबुरीनं घेतलं असतं तर बरं झालं असतं. सबुरी आजवर कुणी कुणाला शिकवली आणि तिचा फायदा कुणाला झाला, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मध्यंतरी ते साहेब मला भूमच्या स्टँडसमोर खव्याच्या दुकानात भेटले. कुठल्याशा कामाला आले असावेत, घरी न्यायला पेढे बांधून घेत होते. ओळखलं त्यांनी. हसून म्हणाले, "काय मॅडम, झालं ना शेवटी तुमचं काम?"

मी म्हणाले, "माझं कुठलं काम साहेब? काम तुमचं होतं. तुम्ही ते न वाचता आमच्यावर टाकलंत."

दुकानदार पुडा बांधता बांधता थांबला. साहेबांनी त्याच्या हातातून पुडा घेतला, मान हलवली, आणि गाडीत जाऊन बसले. त्यांना राग आला असावा. येऊ दे.